भरलेली मोटरहोम काट्यावर घेतल्यानंतर: टायरमध्ये हवा नक्की किती ठेवावी?

वाटसरू_रॅले (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या जून महिन्यात आम्ही सहा जण, म्हणजे मी, पत्नी, दोन मुले आणि सांगलीहून आलेले आई-बाबा, आमच्या मोटरहोमने (राहण्याची सोय असलेल्या गाडीने) अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅलेहून फ्लोरिडाकडे निघालो होतो. इंटरस्टेट ९५ या महामार्गावर साउथ कॅरोलिनात, दुपारी तीनच्या सुमारास, गाडीच्या मागच्या डाव्या बाजूने स्फोटासारखा आवाज झाला. मागच्या जोडचाकांपैकी आतला टायर फुटला होता. त्याच्या उडालेल्या पट्ट्यांनी चाकावरचे आच्छादन फाडले आणि सांडपाण्याच्या टाकीचा पाइप मोडून टाकला. बाहेरच्या टायरने भार धरून ठेवला म्हणूनच गाडी सरळ राहिली आणि मला ती कडेला घेता आली. बाबा नेमके त्याच बाजूच्या खिडकीशी बसले होते. त्यांना काही झाले नाही, परंतु तो आवाज आजही माझ्या कानांत आहे, आणि आपल्यापैकी अनेक सभासद उन्हाळ्यात मोटरहोम घेऊन निघतात म्हणून हा धागा लिहीत आहे.

आमची गाडी सी वर्गाची मोटरहोम आहे, म्हणजे फोर्ड ई-४५० चासीवर, ड्रायव्हरच्या केबिनमागे घर बांधलेली. पुढच्या ॲक्सलवर (चाकांच्या आसावर) दोन चाके आणि मागच्या ॲक्सलवर चार, म्हणजे दोन्ही बाजूंना शेजारी शेजारी दोन-दोन जोडचाके, अशी तिची रचना आहे. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चिकटपट्टीवर तीन मर्यादा छापलेल्या आहेत: भरलेल्या गाडीचे एकूण वजन १४,५०० पौंड, पुढचा ॲक्सल ५,००० पौंड आणि मागचा ॲक्सल ९,६०० पौंड. त्याच पट्टीवर थंड टायरमधली हवा पुढे ७५ आणि मागे ८० पीएसआय (दाबाचे माप, दर चौरस इंचाला पौंड) अशी दिली आहे. ही पट्टी मी गाडी घेतली त्या दिवशी वाचली होती आणि नंतर कधीच वाचली नव्हती. आदल्या वर्षी एका दुकानात टायर बदलून घेतले, तेव्हा तेथील माणसाने सहाही टायरमध्ये ६५ भरले आणि गाडी मऊ चालेल असे सांगितले. गाडी खरोखरच मऊ चालू लागली, त्यामुळे मला शंकाही आली नाही.

दुसऱ्या दिवशी नवा टायर बसवून पुढे निघालो आणि सव्हानाजवळच्या एका ट्रक स्टॉपवर, कॅट स्केल या कंपनीच्या वजनकाट्यावर, गाडी आहे तशी नेली. पाण्याची टाकी भरलेली, पेट्रोल भरलेले, सहा जण आपापल्या जागी बसलेले, मागच्या डिकीत खुर्च्या, हत्यारांची पेटी, मुलांच्या सायकली, तांदळाची वीस पौंडांची पिशवी आणि आईने बरोबर घेतलेले दोन कुकर. हातात आलेल्या पावतीवर पुढचा ॲक्सल ४,४६० पौंड, मागचा ॲक्सल ९,८४० पौंड आणि एकूण १४,३०० पौंड असे आकडे होते.

खालचा आकडा पाहून मला हायसे वाटले, कारण तो मर्यादेपेक्षा २०० पौंडांनी कमी होता. पत्नीने पावती हातात घेतली आणि मधल्या आकड्यावर बोट ठेवले. मागच्या ॲक्सलची मर्यादा ९,६०० असताना त्यावर ९,८४० पौंड होते. एकूण वजन मर्यादेत असूनही एक ॲक्सल २४० पौंडांनी जास्त भरलेला होता, आणि पावतीची फक्त शेवटची ओळ वाचली असती तर ते मला कधीच कळले नसते.

पण खरा धक्का पुढे होता. फ्लोरिडात बुशनेल येथे एस्केपीज या मोटरहोमवाल्यांच्या क्लबच्या केंद्रात प्रत्येक चाकाखाली वेगळा काटा ठेवून वजन करून देतात. तेथे मी आधीपासून वेळ घेतली आणि सर्वांना पुन्हा आपापल्या जागी बसवून वजन केले. मागच्या डाव्या जोडीवर ५,१८० पौंड आणि उजव्या जोडीवर ४,६६० पौंड निघाले. आमच्या गाडीत फ्रिज, ओटा, बाहेर सरकणारा भाग आणि पाण्याच्या टाकीचा बराचसा भाग डाव्या बाजूलाच आहे, त्यामुळे दोन बाजूंत ५२० पौंडांचा फरक होता. किती हवेला टायर किती भार पेलतो हे सांगणाऱ्या टायर कंपनीच्या तक्त्यानुसार आमच्या मापाचा टायर जोडीत ६५ पीएसआयला २,१५० पौंड पेलतो, म्हणजे जोडी ४,३०० पौंड पेलते. त्या जोडीवर मी दोन दिवस ८८० पौंड जास्त घेऊन, जूनच्या उन्हात, ताशी ६५ मैलांनी चाललो होतो.

आपणांपैकी ज्यांनी गाडी काट्यावर घेतली आहे त्यांनी आपले आकडे आणि हवेचा निर्णय कसा घेतला ते कृपया येथे लिहावे.


अरुंधती

आपण सर्व सुखरूप आहात हे वाचून बरे वाटले. बाबांची प्रकृती आता कशी आहे?

एक व्यावहारिक प्रश्न आहे. त्या काट्यांवर मोठमोठे मालट्रक रांगेत उभे असतात. खासगी गाडी तेथे चालते का, आणि तेथे गेल्यावर नक्की काय करायचे? मला त्या रांगेत शिरायचीच भीती वाटते.


वाटसरू_रॅले

अरुंधतीताई, बाबा ठणठणीत आहेत आणि यंदा पुन्हा येत आहेत.

खासगी गाडी चालते. कॅट स्केल ही कंपनी १९७७ पासून हेच काम करते आणि तिचे काटे बहुतेक मोठ्या ट्रक स्टॉपवर असतात. काटा म्हणजे जमिनीच्या पातळीत एकापुढे एक बसवलेले वेगवेगळे पाट असतात. पुढची चाके पहिल्या पाटावर, मागची चाके दुसऱ्या पाटावर आणि मागे गाडी ओढत असाल तर ती तिसऱ्या पाटावर, अशी उभी करायची, म्हणजे प्रत्येक ॲक्सलचे वजन एकाच वेळी वेगवेगळे मिळते. दोन पाटांमधल्या फटीवर चाक येणार नाही एवढे बघावे लागते. मी पत्नीला बाहेर उभे करून चाके नीट पाटावर आली आहेत याची खात्री केली आणि मग ती आत येऊन आपल्या जागी बसल्यानंतरच बटण दाबले, कारण तिचे वजनही त्या आकड्यात हवे होते. बटण दाबल्यावर आतला माणूस पहिल्यांदाच वजन करत आहात का असे विचारतो. खासगी गाडी आहे असे सांगायचे, काट्यावरून उतरून गाडी बाजूला लावायची आणि आत जाऊन पावती घ्यायची. आता त्यांचे ॲपही आहे, त्यात पैसे भरले की खाली उतरावेही लागत नाही. चोवीस तासांच्या आत पुन्हा वजन केले तर पैसे बरेच कमी पडतात. सामान हलवून लगेच दुसऱ्यांदा वजन करायचे असेल तर याचा उपयोग होतो.

सकाळी दहाच्या सुमारास जा. मला त्या वेळी रांग अजिबात लागली नाही.


जुना_अभियंता

मी ओहायोत, ॲक्रनजवळ राहतो आणि माझी नोकरी टायरच्या कारखान्यांत झाली. आपण लिहिलेले आकडे मी दोनदा तपासले. ते बरोबर आहेत. तक्ता कसा वाचायचा हे नीट लिहितो, कारण चुका बहुधा तेथेच होतात.

भार रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. टायर म्हणजे ती हवा कोंडून धरणारी पिशवी आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने उष्णता निर्माण होते, आणि रबर व आतले दोरे यांची पकड त्या उष्णतेने सुटत जाते. त्यामुळे असा टायर निघाल्यावर लगेच फुटत नाही. तो तासन्‌तास तापतो आणि भर महामार्गावर फुटतो.

वाटसरू यांच्या टायरवर एलटी २२५/७५ आर १६ आणि पुढे ११५/११२ असे लिहिलेले असेल. त्या दोन आकड्यांतला पहिला टायर एकटा असतानाचा आणि दुसरा जोडीत असतानाचा भारांक आहे. ११५ म्हणजे १,२१५ किलो किंवा २,६८० पौंड, आणि ११२ म्हणजे १,१२० किलो किंवा २,४७० पौंड. हे दोन्ही ८० पीएसआय हवेला आहेत. जोडीत आकडा कमी धरतात, कारण दोन टायर कधीच अगदी सारखा भार घेत नाहीत, रस्त्याला उतार असतो आणि आतल्या टायरला वारा कमी लागतो. हवा कमी केली की क्षमताही उतरते. जोडीतला हा टायर ७५ ला २,३३०, ७० ला २,२२० आणि ६५ ला २,१५० पौंड पेलतो. एकटा असेल तर ७५ ला २,५६०, ७० ला २,४४० आणि ६५ ला २,३३५.

आता पद्धत. ॲक्सलच्या दोन बाजूंपैकी जी जड असेल तिचे वजन घ्या. जोडचाके असतील तर त्याला दोनने भागा. तक्त्यात त्या आकड्याला पुरेल असा पहिला दाब शोधा, आणि त्या ॲक्सलवरच्या सर्व टायरमध्ये तोच भरा. डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दुसरा दाब ठेवू नका, कारण ब्रेक मारताना गाडी एका बाजूला खेचते. तक्त्यातला आकडा किमान आहे, हेही विसरू नका. हवा थोडी उतरते, जत्रेतून परतताना सामान वाढते, म्हणून मी त्यावर पाच पीएसआय ठेवतो. मात्र टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर कधीही जाऊ नये. रिमची मर्यादा बहुतेक लोक पाहतच नाहीत.

वाटसरू, एक प्रश्न विचारायचा आहे आणि त्याचे उत्तर मला लवकर हवे आहे. आतला टायर फुटला तेव्हा बाहेरचाही बदललात का?


निवांत

चर्चा चांगली आहे, परंतु मला इतका खटाटोप आवश्यक वाटत नाही. माझ्याकडे अशीच गाडी दहा वर्षे आहे. टायरच्या बाजूवर ८० लिहिले आहे, मी सहाही टायरमध्ये ८० भरतो आणि चालतो. जास्त हवा असली की टायर सुरक्षित राहतो, हा साधा हिशेब आहे. काट्यावर जाऊन मला वेगळे काय कळणार?


जुना_अभियंता

निवांतराव, आपला ८० चा हिशेब ६५ पेक्षा निश्चितच बरा आहे. पण वाटसरू यांच्या गाडीला तो लावून पाहा. ८० ला जोडीची क्षमता २,४७० च्या दुप्पट, म्हणजे ४,९४० पौंड. त्यांच्या डाव्या जोडीवर ५,१८० पौंड होते. त्यांनी कमाल हवा भरली असती तरी त्या दोन टायरवर २४० पौंड जास्तच राहिले असते. तेथे हवेने उत्तर मिळत नाही, सामानच उतरवावे लागते, आणि ते काट्याशिवाय कोणालाही कळणार नाही. आपल्या गाडीचे दहा वर्षांत काही झाले नाही याचा अर्थ ती मर्यादेत आहे असा असू शकेल, किंवा आपण थोडक्यात वाचला आहात असाही असू शकेल. दोन्हींतले कोणते खरे, हे आपल्याला आज माहीत नाही.

पुढच्या चाकांवर गरजेपेक्षा बरीच जास्त हवा असेल तर टायर मधोमध फुगून रस्त्याला कमी टेकतो. पावसात ब्रेक मारताना ते जाणवते.


निवांत

तो २४० चा हिशेब मी केला नव्हता. पुढच्या शनिवारी काट्यावर जातो आणि आकडे येथे लिहितो.


मेधा_ह्यूस्टन

आम्ही ऑगस्टमध्ये यलोस्टोनसाठी मोटरहोम भाड्याने घेत आहोत. भाड्याच्या गाडीत टायरची हवा आपण बदलावी का, की त्यांनी दिली तशीच ठेवावी? आणि तेथे उंचीवर हवा कमी-जास्त होते असे ऐकले, ते कितपत खरे आहे?


जुना_अभियंता

मेधाताई, भाड्याच्या गाडीत दाराजवळच्या पट्टीवरचा आकडा प्रमाण मानावा आणि गाडी ताब्यात घेताना, ती चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना, त्यांच्यासमोर हवा मोजून घ्यावी. पट्टीवरचा आकडा हा ॲक्सल पूर्ण मर्यादेपर्यंत भरलेला आहे असे धरून ठरवलेला असतो, म्हणून ॲक्सल मर्यादेत असेल तर तो सहसा पुरतो. ज्यांची स्वतःची गाडी आहे आणि चाकागणिक वजन हातात आहे, त्यांनीच तक्त्याकडे वळावे. आमच्या क्षेत्रातही यावर दोन मते आहेत. टायर बनवणारे वजन करा आणि तक्ता पाहा असे सांगतात, गाडी बनवणारे पट्टी पाहा असे सांगतात. माझे मत असे की तक्ता पट्टीपेक्षा जास्त हवा मागत असेल तर तक्त्याचे ऐकावे, आणि कमी मागत असेल तर पट्टीच्या खाली उतरण्याची घाई करू नये.

उंचीचे खरे आहे, पण परिणाम लहान आहे. हजार फूट चढलात की मापकावर अर्ध्या पीएसआयच्या आसपास वाढ दिसते. तापमानाचा परिणाम त्याहून मोठा आहे. ८० पीएसआयच्या टायरमध्ये दर १० अंश फॅरनहाइटला जवळजवळ दोन पीएसआयचा फरक पडतो. ह्यूस्टनमध्ये ९५ अंशांत भरलेली हवा यलोस्टोनच्या ४० अंशांच्या पहाटे दहा पीएसआयच्या आसपास कमी दिसेल, आणि ती उंचीने थोडीच भरून निघेल. ती कमी दिसते तशी कमीच आहे, म्हणून त्या पहाटे मोजून भरावी. उलट, दुपारी चालून आल्यावर टायरमध्ये दहा ते पंधरा पीएसआय जास्त दिसतात, ते नेहमीचे आहे. त्या वेळी हवा सोडू नये. सोडलीत तर टायर थंड झाल्यावर तो कमी हवेचा उरतो.


अरुंधती

मेधा, आणखी एक गोष्ट सांगते. आम्ही गेल्या वर्षी भाड्याच्या गाडीत पाण्याची टाकी घरूनच काठोकाठ भरून घेतली होती आणि आठशे मैल ते पाणी वाहून नेले. गॅलनला आठ पौंडांहून थोडे जास्त वजन पडते, म्हणजे चाळीस गॅलनचे ३३० पौंड झाले. दोन मोठी माणसे विनाकारण बरोबर घेतल्यासारखे होते ते. मुक्कामाच्या ठिकाणी नळ असतोच, त्यामुळे वाटेत हात-पाय धुण्यापुरते दहा गॅलन पुरतात.


सह्यभटक्या

नमस्कार. मी साताऱ्याचा आहे. आम्ही तिघा मित्रांनी एका जुन्या ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या बसवून घेतल्या आहेत आणि कोकणात फिरतो. आमच्याकडे ॲक्सलनिहाय पाट असलेला काटा नाही, पण उसाच्या गाड्या तोलणारा काटा जवळ आहे. त्यावर ॲक्सलचे वजन कसे काढावे? आणि टायरवाला तर टायरला टिचकी मारून हवा सांगतो, त्यावर विश्वास ठेवावा का?


जुना_अभियंता

त्या काट्यावर हे उत्तम होते. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन थांबा आणि आकडा लिहा. मग संपूर्ण गाडी काट्यावर घ्या. शेवटी पुढची चाके पलीकडे उतरवून फक्त मागची चाके ठेवा. पहिला आणि तिसरा आकडा मिळून दुसऱ्याच्या जवळपास यायला हवेत. ते येत नसतील तर काट्याच्या दोन्ही टोकांना जमीन सपाट नाही असे समजा. प्रत्येक वेळी गाडी न्यूट्रलला ठेवून ब्रेक सोडा, नाही तर चाके अडून आकडा चुकतो. काटा रुंद असेल आणि कडेची जमीन त्याच पातळीत असेल, तर फक्त डावी चाके काट्यावर आणि उजवी बाहेर, अशी गाडी उभी करून एका बाजूचेही वजन घेता येते.

टिचकीवर विश्वास ठेवू नका. ८० पीएसआय आणि ५५ पीएसआय यांचा आवाज मलाही ओळखता येत नाही. आमच्याकडे एक सर्वमान्य नियम आहे: ठरलेल्या दाबापेक्षा टायर वीस टक्के खाली गेला असताना चालवला असेल, तर तो पंक्चर अवस्थेत चालवला असे धरायचे, उतरवायचा आणि आतून तपासल्याशिवाय त्यात पुन्हा हवा भरायची नाही. ८० चे वीस टक्के म्हणजे फक्त १६. पाहून तो टायर तुम्हाला अगदी ठीक वाटेल.

सह्यभटक्या, पौंड आणि किलो मिसळू नका. एक किलो म्हणजे २.२ पौंड. आपल्या टायरवर दोन्ही लिहिलेले असते.


सह्यभटक्या

कळले. आता बॅटऱ्या आणि टाकी दोन्ही मागच्या चाकांच्याही मागे बसवल्या आहेत याची काळजी वाटू लागली आहे.


गणिती

ती काळजी योग्य आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गाडी ही मागच्या चाकांवर टेकलेली तरफ आहे. मागच्या ॲक्सलच्या मागे ठेवलेले वजन त्या ॲक्सलवर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकते आणि पुढची चाके उचलू पाहते. दोन ॲक्सलांमधले अंतर १८.५ फूट असेल आणि मागच्या ॲक्सलच्या ५ फूट मागे २५० पौंड ठेवले, तर मागच्या ॲक्सलवर सुमारे ३१८ पौंड वाढतात आणि पुढचा ॲक्सल ६८ पौंडांनी हलका होतो. पुढचा ॲक्सल हलका झाला की सुकाणू सैल वाटते आणि शेजारून मोठा ट्रक गेला की गाडी डोलते. म्हणून जड वस्तू नेहमी दोन ॲक्सलांच्या मध्ये आणि खाली असावी.

वाटसरू, आपण नंतर सामान कसे हलवले आणि आकडे किती बदलले, ते लिहाल का? हिशेब जुळतो का ते पाहायला आवडेल.


वाटसरू_रॅले

गणिती, आमच्या गाडीत ॲक्सलांमधले अंतर जवळपास तेवढेच आहे. बुशनेलला मी पाण्याच्या टाकीतले तीस गॅलन सोडून दिले, म्हणजे सुमारे २५० पौंड. ती टाकी मागच्या ॲक्सलच्या मागेच आहे. डिकीतल्या सायकली आणि इतर काही वस्तू, एकूण १३० पौंड, तेथे राहणाऱ्या भावाकडे ठेवल्या. हत्यारांची साठ पौंडांची पेटी डिकीतून काढून पुढच्या दाराजवळच्या कप्प्यात आणली. परतीच्या वाटेवर काट्याची नवी पावती आली: पुढचा ॲक्सल ४,६२०, मागचा ९,३००, एकूण १३,९२०. एकूण ३८० पौंड कमी झाले, पण मागचा ॲक्सल ५४० पौंडांनी हलका झाला आणि पुढचा १६० पौंडांनी वाढला. तेव्हा मला हे कोडे वाटले होते. आपले उदाहरण वाचून आज उलगडले.

घरी आल्यावर जवळच्या एका खडीच्या आवारातल्या काट्यावर, कडेची जमीन सपाट असल्यामुळे, एकेका बाजूचे वजन घेतले. मागे डावीकडे ४,८२० आणि उजवीकडे ४,४८० निघाले. ४,८२० चे निम्मे २,४१०. तक्त्यात ७५ ला २,३३० मिळतात, ते पुरत नाहीत. ८० ला २,४७० मिळतात, ते पुरतात. म्हणून मागच्या चारही टायरमध्ये ८०. पुढे जड बाजू २,३३० पौंडांची निघाली आणि तक्त्यानुसार ६५ ला २,३३५ मिळतात, पण पाच पौंडांच्या फरकावर कुटुंबाला बसवायची माझी तयारी नाही. पट्टीवरचे ७५ ठेवले आहेत.

अभियंताकाका, आपल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमा असावी. बाहेरचा टायर मी बदलला नव्हता. बाहेरून त्यावर एक ओरखडाही नव्हता आणि तो नऊ महिनेच वापरलेला होता.


जुना_अभियंता

वाटसरू, कृपया तो टायर गाडी पुढच्या वेळी हलवण्यापूर्वी उतरवून घ्या. जोडीदार फुटल्यानंतर गाडी थांबेपर्यंत त्या एका टायरने ५,००० पौंडांहून जास्त भार ६५ पीएसआयवर पेलला आहे. एकटा असताना ६५ ला त्याची क्षमता २,३३५ आहे. म्हणजे दुपटीहून जास्त भार. त्यातच त्याआधी तोही कमी हवेवरच शेकडो मैल चालला होता. टायर झाल्या गोष्टी विसरत नाही. नंतर कितीही योग्य हवा भरली तरी आतली तुटलेली पकड परत जुळत नाही. मी हे कळकळीने लिहीत आहे.


मेधा_ह्यूस्टन

आतल्या टायरची हवा आपण रोज कशी मोजता? माझा हात तेथे पोहोचेल असे वाटत नाही.


निवांत

मेधाताई, मला याचा अनुभव आहे. आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हला बाहेरपर्यंत येणारी धातूची नळी जोडून घेता येते. रबरी व्हॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात, म्हणून ८० च्या टायरला धातूचेच घ्यावेत. मी त्यावर दाब दाखवणारी यंत्रेही लावली आहेत, ती पुढे आरशाजवळच्या पडद्यावर सहाही टायरचे आकडे दाखवतात. मोटारींमध्ये ही सोय २००७ पासून कायद्याने असते, परंतु तो कायदा १०,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना आहे. आपल्या गाड्या त्याहून जड असल्यामुळे ही सोय स्वतःच करून घ्यावी लागते. भाड्याच्या गाडीत तुम्हाला हे करता येणार नाही, पण लांब तोंडाचा मापक विकत घ्या, तो आतपर्यंत पोहोचतो.

शनिवारी काट्यावर गेलो होतो. पुढे ४,७४०, मागे ९,१६०. दोन्ही ॲक्सल मर्यादेत आहेत. एका बाजूचे वजन अजून घ्यायचे आहे.


वाटसरू_रॅले

आज टायर उतरवून घेतला. दुकानातल्या माणसाने तो रिमवरून काढून माझ्यापुढे आडवा धरला आणि आत हात फिरवायला सांगितला. आतल्या बाजूला, टायरच्या खांद्याच्या (रस्त्याला टेकणारा भाग आणि बाजू मिळतात त्या कडेच्या) खाली, सगळीकडून गोल फिरणारी एक बारीक सुरकुती होती आणि हाताच्या बोटांना काजळीसारखी काळी, बारीक रबराची भुकटी लागली. बाहेरून तो अजूनही नवा दिसत होता. तो माणूस म्हणाला की कमी हवेवर चाललेल्या टायरमध्ये हीच भुकटी सापडते. उजव्या बाजूचे दोन टायरही उतरवून पाहिले. त्यांपैकी आतल्यात थोडी भुकटी होती, म्हणून तोही ठेवला नाही आणि मागचे चारही टायर एकाच वेळी बदलले. नव्या टायरवरच्या तारखेच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात, ते मी चारही टायरवर वाकून वाचले आणि सर्व याच वर्षीचे आहेत याची खात्री केली.

काका, आपण विचारले नसते तर बाबांना घेऊन मी त्याच टायरवर पुढच्या महिन्यात निघालो असतो. ते ११ तारखेला येत आहेत. १३ तारखेला, सगळे आपापल्या जागी बसल्यावर, आधी काट्यावर जाऊ आणि मगच महामार्गाला लागू. पावती येथे लिहीनच.